फोन तिकीटपेटीसारखा लावला, तेव्हा जमला

मी एसटीच्या अंबाजोगाई आगारात तीस वर्षं वाहक होतो. मे २०१७ मध्ये निवृत्त झालो. कमी दिसणाऱ्या माणसांसाठी फोन सोपा करून देणारी जी जी सॉफ्टवेअरं हाती लागली, ती गेल्या दीड वर्षात मी वापरून बघितली. काही माझ्या फोनवर, काही घाटनांदूरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या फोनवर. कुणाच्या घरात असं माणूस असेल आणि त्याला फोन लावून द्यायचा असेल, तर त्याचे पैसे आणि त्याहून जास्त त्याचा धीर वाया जाऊ नये म्हणून हे लिहितोय. लिहितोय म्हणजे बोलतोय. कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. पूर्णविराम, स्वल्पविराम माझी नात घालते. ती डी. फार्मला आहे, आणि पुढं जे काही सांगणार आहे त्यातलं निम्मं तिच्या बोटांनी झालेलं आहे.

आधी डोळ्यांचं सांगतो. त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

मला काचबिंदू आहे. यात डोळ्यामागची नस सुकत जाते आणि नजर कडेकडेनं कमी होते, मधली राहते. गेलेली परत येत नाही. रोजचे थेंब घालायचे ते उरलेली राखायला. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. डाव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोरच्या माणसाचं नाक दिसलं तर कान दिसत नाहीत, पण नळीत जे येतं ते बऱ्यापैकी साफ असतं. अक्काचं नेमकं उलटं. तिला पंचवीस वर्षांची साखर, त्यात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला. ती जिथं बघेल तिथं धुक्याचा गोळा, आणि गोळ्याच्या भोवतीनं दार, शेळी, येणारं माणूस कळतं. कोण माणूस ते आवाजावरून.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या आहे. तिच्यात दोन वाटा आहेत. एक, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या (धड डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) खाली ३/६० पर्यंत उतरलेली असणं. दुसरी, नजरेचं क्षेत्र ४० अंशांच्या आत येऊन १० अंशांपर्यंत आकसणं. अक्का पहिल्या वाटेनं तिथं पोचली, मी दुसऱ्या. कायद्याला हा फरक कळतो. फोनची सॉफ्टवेअरं करणाऱ्या बऱ्याच जणांना फक्त पहिली वाट ठाऊक असावी असं माझं मत झालंय, कारण त्यांच्याकडे सगळ्यांना एकच औषध: मोठं करा.

पहिल्यांदा आम्हीही तेच केलं. धाकट्या मुलानं पुण्याहून त्याचा जुना अँड्रॉइड फोन पाठवला आणि त्यावर साडेसातशे रुपयांचं एक लाँचर विकत घेऊन दिलं. लाँचर म्हणजे फोनचा दर्शनी भाग बदलणारं ॲप. फोन उघडला की नेहमीच्या बारीक चित्रांऐवजी सहा मोठाली बटणं: फोन, मेसेज, कॅमेरा, फोटो, बाकीची ॲप आणि संकटात दाबायचं लाल बटण. तसलंच अक्काच्याही फोनवर घातलं. त्याचं नाव देत नाही. त्याच जातीची आणखी तीन आम्ही फुकटातली उतरवून बघितली, आणि मला ज्या गोष्टींनी त्रास दिला त्या कमीजास्त सगळ्यांतच होत्या.

माझ्या नळीत एका वेळी एकच बटण यायचं, तेही पुरतं नाही. ‘फोन’ आहे का ‘फोटो’ हे कळायला ‘फो’च्या पुढं नजर सरकवावी लागायची. मुलगा म्हणाला, “बाबा, अजून मोठं करू का?” मी म्हणालो, “कर.” अजून मोठं केलं आणि मला अजून कमी दिसायला लागलं. हे त्याला पटेना. शेवटी नातीनं वहीच्या कागदाची सुरळी करून त्याच्या डोळ्याला लावली आणि म्हणाली, “काका, आता फोन लावा बघू.” तेव्हा त्याला कळलं. नळीतून बघणाऱ्याला अक्षर बेताचं लागतं, म्हणजे एका नजरेत अख्खा शब्द मावतो. त्याला लागतो तो उठाव: काळ्यावर पांढरं, नाहीतर काळ्यावर पिवळं. पांढऱ्या पडद्याचा उजेड माझ्या डोळ्यांवर येतो आणि अक्षर त्यात विरघळतं. फोनमध्ये गडद थीम आणि ठळक अक्षरांची सोय आधीपासून असते, साडेसातशे रुपये न देता.

दुसरी गोष्ट मराठीची. अक्षर सगळ्यात मोठं केलं की त्या लाँचरमध्ये रेघेच्या वरचा भाग कापला जायचा. इंग्रजीत रेघेच्या वर काही नसतं, म्हणून ते करणाऱ्याच्या ध्यानात आलं नसेल. आपल्याकडं मात्रा आणि वेलांटी तिथंच असतात. ‘मेसेज’चं ‘मसज’ झालं ते चाललं असतं, पण माझ्या यादीत ‘काका’ही होते आणि ‘काकी’ही. वेलांटीचं टोक गेलं की दोन्ही ‘काका’. काका वारल्याला वर्ष झालं होतं, नंबर मी काढला नव्हता. काकीला करायचा म्हणून त्या नंबरावर फोन लागला आणि तिकडून भलत्याच माणसाचा आवाज आला. तो बिचारा नीट बोलला. मलाच नंतर कितीतरी वेळ फोन हातात धरवेना.

तिसरी गोष्ट, दार वाड्याचं आणि आत तीच खोली. व्हॉट्सॲपचं बटण तळहाताएवढं, पण दाबून आत गेलं की पुन्हा सगळं मुंगीएवढं. लाँचरची सत्ता फक्त दारापर्यंत चालते. हे विकत घेताना कुणी सांगत नाही. पेपरमध्ये फोटोसह ‘आजीआजोबांसाठी सोपा फोन’ असं वाचून घेणाऱ्याला वाटतं की सगळा फोनच सोपा झाला.

आणि ते लाल बटण. अक्का फोन कमरेच्या पिशवीत ठेवते. एका रात्री झोपेत कूस बदलताना ते दाबलं गेलं. त्याचं काम असं की पाच नंबरांना ‘मला मदत हवी’ असा मेसेज जातो आणि पहिल्या नंबराला फोन लागतो. पहिला नंबर माझ्या भाच्याचा, तो लातूरला. त्यानं फोन उचलला तर पलीकडून कण्हल्यासारखा आवाज. ते अक्काचं घोरणं होतं. रात्री एक वाजता तो मित्राला मागं बसवून मोटारसायकलवर निघाला, घाटनांदूरला पोचून दार ठोठावलं. अक्का उठून म्हणते, “आरं, एवढ्या राती काय करायलास? जेवलास का?” त्या पोराचे हात थरथरत होते असं शेजारचे सांगतात. बटण तीन सेकंद दाबून धरल्याशिवाय चालू नये अशी सोय सेटिंगमध्ये होती, पण ती बंद करून ठेवलेली. ती आधीपासून चालू असायला पाहिजे. संकटाचं बटण म्हाताऱ्या माणसाच्या हाती देणाऱ्यानं इतका विचार करायलाच पाहिजे होता. आजही ते बटण आम्ही काढून टाकलेलं आहे.

आता लाँचरनं दिलेली चांगली गोष्ट, कारण ती नसती तर मला पुढची वाट सापडली नसती. त्या सहा बटणांच्या जागा ठरलेल्या होत्या. आठ दिवसांत माझं बोट न बघता तिकडं जायला लागलं. तेव्हा मला माझी तिकीटपेटी आठवली.

तिकिटांची यंत्रं यायच्या आधी आमच्याकडे पेटी असायची. तिच्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि पंच मारायचा चिमटा. मुक्कामी गाडी रात्री बरदापूर फाट्याच्या पुढं निघाली की आत दिवा असून नसल्यासारखा. माणसं उभी, कोंबड्या, पोती, आणि आम्ही तिकिटं फाडत मागं सरकायचो. पेटीत कुणी बघत नव्हतं. हात जायचा. नवीन पोरगा आला की त्याला जुने वाहक पहिली गोष्ट हीच सांगायचे: पेटीतली जागा एकदा लावली की बदलायची नाही, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद चुकला तरी चालेल. (वेबिल चुकलेलं चालत नाही, पण सांगायचे असं.)

मग नातीला म्हणालो, आपण हे लाँचर काढू आणि फोनच पेटीसारखा लावू. तिनं पहिल्या पडद्यावरचं सगळं पुसलं. मागं साधा काळा रंग. चारच गोष्टी ठेवल्या, चार कोपऱ्यांत. कोपरे अशासाठी की फोनच्या कडेवरून अंगठा सरकवला की कोपरा लागतोच, बघावं लागत नाही. खाली उजवीकडे फोन, खाली डावीकडे व्हॉट्सॲप, वर उजवीकडे नोटा ओळखणारं ॲप, वर डावीकडे रेडिओ. मधली जागा मोकळी. मग सेटिंगमध्ये जाऊन पडद्याची मांडणी कुलूपबंद केली. बऱ्याच फोनमध्ये ही सोय असते, आणि कमी दिसणाऱ्याच्या फोनवर ती पहिल्या दिवशीच लावा. ती नसली तर बोट जरा जास्त वेळ टेकलं की चित्र जागचं हलतं, आणि पेटीतला गठ्ठा हलला की वाहक आंधळा.

एवढ्यानं फोनचं दार उघडलं. आतलं काम मात्र टॉकबॅकनं केलं.

टॉकबॅक हे गुगलचं, अँड्रॉइड फोनमधलंच. बोटाखाली जे येईल ते मोठ्यानं वाचतं. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग आहे, त्यात ते सापडतं. शॉर्टकट चालू केला की आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकदम दाबली तरी चालू होतं आणि तसंच बंद. पहिल्या दिवशी ते चालू केलं आणि आमच्या घरात गोंधळ उडाला, कारण फोनचे सगळे रिवाज बदलतात. एकदा टेकवलं की फक्त नाव वाचतं. उघडायचं तर दोनदा टेकवायचं. पडदा सरकवायला एक बोट चालत नाही, दोन लागतात. एका बोटानं उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट, डावीकडे दिला की मागची. सूनबाईनं फोन हातात घेतला, तिच्या बोटाला तो दाद देईना. “मामा, बिघडला की हो फोन!” म्हणाली. बिघडला नव्हता, तो माझा झाला होता.

मला पंधरा दिवस लागले. त्यातले पहिले पाच दिवस मी रोज ठरवायचो की हे उद्या काढून टाकायचं. मदत करणाऱ्यांना एक विनंती आहे: या पाच दिवसांत तुमच्या माणसाच्या हातातून फोन काढून घेऊन स्वतः करून देऊ नका. माझी नात पाठीमागं हात बांधून उभी राहायची आणि तोंडानं सांगायची. मला राग यायचा. पण तिचं बरोबर होतं. सहाव्या दिवशी मी आपल्या आपण मेहुण्याचा मेसेज ऐकला. शेतातल्या बोअरला पाणी लागलं असं लिहिलं होतं. माझ्यासाठी आलेलं पत्र दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता मला किती दिवसांनी कळलं, ते मोजता येणार नाही.

टॉकबॅक मराठीत बोलतं, त्यासाठी फोनच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये मराठी निवडावं लागतं. बोलण्याचा वेगही तिथंच कमी करता येतो. सुरुवातीला निम्म्यावर आणा, नंतर कान सरावतो. एक मोठी अडचण नावांची आली आणि ती आमचीच चूक होती. यादीतली सगळी नावं मुलानं इंग्रजी अक्षरांत घातलेली. मराठी आवाज ती असली काही वाचायचा की केजची वहिनी आणि कळंबचे व्याही एकच वाटावेत. दिवाळीत दोन दिवस बसून नातीनं दोनशे दहा नावं देवनागरीत केली. आधी नातं, मग गाव, मग नाव: ‘मेहुणे रेणापूर’, ‘डॉक्टर डोळ्यांचे’. नातं आधी असलं की सुरुवातीच्याच शब्दाला कळतं आणि पुढचं ऐकायची गरज राहत नाही. साडेसातशेच्या लाँचरपेक्षा या दोन दिवसांच्या कामाचा उपयोग मला दसपट झाला.

आणखी एक बारकी सोय आहे, तिचं कौतुक कुणी करत नाही: बाजूचं पॉवर बटण दाबून फोन ठेवता येणं. तीही ॲक्सेसिबिलिटीमध्येच आहे. आधी फोन संपला की लाल गोल शोधत बसायचो, पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहायचा, कधी ठेवायचा राहूनच जायचा आणि घरातलं सगळं बोलणं पाहुण्यांना ऐकू जायचं. आता अंगठा दाबला, संपलं.

टॉकबॅकची एक अडचण म्हणजे ते चारचौघांत बोलतं. बसस्टँडवर बँकेचा मेसेज आला आणि खात्यात किती राहिले ते शेजारच्या बाकड्यानंही ऐकलं. तेव्हापासून बाहेर निघताना एकाच कानात तार घालतो. दुसरा कान मोकळा ठेवायचा, गाड्यांसाठी. ज्यांना कडेचं दिसत नाही त्यांच्यासाठी तो कानच आरसा आहे.

पडदा मोठा करून बघायची सोयही फोनमध्ये असते, मॅग्निफिकेशन म्हणतात. तिचा शॉर्टकट लावला की तीनदा टेकवून पडदा मोठा होतो, दोन बोटांनी सरकवता येतो. मला ती फोटो बघायला लागते. नातेवाइकांच्या लग्नाचा फोटो आला की आधी आहे तसा बघतो, मग एकेक चेहरा जवळ आणतो. वाचायला मात्र वापरत नाही, कारण वर सांगितलं तेच.

आता नोटांचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण हा माझा धंदा होता.

जुन्या नोटा बोटाला कळायच्या. जुनी शंभराची १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७, हजाराची १७७. दहा दहा मिलिमीटरचा फरक. गठ्ठ्यात पाचशेची असली की तर्जनीच्या पेरावर टोक लागायचं. नोव्हेंबर २०१६ नंतर नव्या नोटा आल्या आणि मापंच आक्रसली. आताची शंभराची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिघींची ६६. म्हणजे एकीत आणि दुसरीत चार मिलिमीटर, गव्हाचा दाणाही त्याहून लांब असतो. दोनशेची तर ऑगस्ट २०१७ मध्ये आली, तोवर मी घरी बसलो होतो. ती माझ्या हाताला नोकरीत लागलीच नाही. नोटांवर कमी दिसणाऱ्यांसाठी उठावाच्या खुणा आहेत. शंभराच्या दोन्ही कडांना चार तिरप्या रेघा आणि पुढच्या बाजूला त्रिकोण, दोनशेच्या रेघाही चारच पण मध्ये दोन गोल, पाचशेला पाच रेघा आणि एक वर्तुळ. कोऱ्या नोटेवर या खुणा मला बरोबर कळतात. पण आपल्याकडं नोट मोंढ्यात, दूधडेअरीत, पानटपरीवर फिरून घामानं मऊ झालेली असते. तिच्यावर बोट फिरवा, कापडासारखी लागते.

मागच्या उन्हाळ्यात आठवडी बाजारात मी भाजीवालीला दोनशेची म्हणून पाचशेची दिली. तिनं हाक मारली, “मामा, ही पाचशेची हाय. न्या माघारी.” तिनं दिली म्हणून मिळाली. मी तिथून निघालो आणि स्टँडपर्यंत कुणाशी बोललो नाही. तीस वर्षांत रोकड भरताना ज्याच्या हिशोबात पाच रुपयांची खोट निघाली नाही, त्याला ही नोट परत घेताना काय वाटलं असेल ते ज्यांनी पैसे मोजण्याचं काम केलंय त्यांना कळेल.

मग नातीनं रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ नावाचं ॲप टाकून दिलं. १ जानेवारी २०२० ला त्यांनी ते आणलं, फुकट आहे, आणि एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही. ही शेवटची गोष्ट आमच्याकडं फार महत्त्वाची, कारण बाजारात भर गर्दीत रेंज जाते. ॲप उघडून नोट कॅमेऱ्यासमोर धरायची, ते किंमत बोलतं. आवाज नको असेल तर थरथरून सांगतं. घडी घातलेली नोटही ओळखतं. माझ्याकडं ते हिंदीत बोलतं, त्याचं मला काही वाटत नाही, एसटीत हैदराबादपासूनचे प्रवासी होते. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की नोट खरी का खोटी हे ते सांगत नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही. मी बाजारात ते उघडत बसत नाही. सकाळी घरी खाटेवर बसून नोटा वेगळ्या करतो. शंभराच्या सरळ, दोनशेच्या एक घडी, पाचशेच्या दोन घड्या. मग सदऱ्याच्या कोणत्या खिशात काय, ते हाताला ठाऊक. सुटे देणाऱ्याकडून आलेली नोट तेवढी घरी येऊन मणीला दाखवतो. दहापैकी नऊ वेळा पहिल्या झटक्यात सांगतं. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली नोट जरा मागंपुढं करावी लागते.

बँकेच्या ॲपबद्दल थोडक्यात. माझं खातं ज्या बँकेत आहे तिच्या ॲपमध्ये टॉकबॅक नुसतं “बटण, बटण, बटण” म्हणत जातं. करणाऱ्यानं बटणांना नावंच दिलेली नाहीत. पडद्यावर चित्र दिसतं, पण आत नाव लिहिलेलं नसलं तर वाचणारा काय वाचणार? केवायसी करताना चेहरा गोलात धरा आणि डोळे मिचकवा म्हणालं. मला गोल दिसेना, सूनबाईनं माझी हनुवटी धरून चेहरा गोलात आणला. त्या दिवशी मी ठरवलं की पैशाचं काम शाखेत जाऊनच करायचं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं याच गोष्टीवर निकाल दिलाय: डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि केवायसीची पद्धत दिव्यांगांना जमेल अशी करा. नातीनं मला तो वाचून दाखवला. बँकेच्या शाखेत मी तो सांगितला, साहेबांनी ऐकून घेतला. ॲप अजून “बटण, बटण” म्हणतंय. मी दर महिन्याला पासबुक भरायला जातो तेव्हा विचारतो, आणि विचारत राहणार.

आता अक्काचा फोन. तिला वाचता येत नाही, शाळा दुसरीपर्यंत. टॉकबॅक तिला दोन दिवस देऊन बघितलं. ती म्हणाली, “ह्यो बाबा सारखाच बोलायलाय, मला काय इचारंना गेलाय.” तिचं खरं होतं. तिला फोनमधून तीनच गोष्टी पाहिजेत: लेकाला फोन, लेकीला फोन, मला फोन. म्हणून तिच्याकडं ते मोठ्या बटणांचं लाँचर ठेवलं. माझ्या डोळ्याला जे घातक, ते तिच्या डोळ्याला बरं. मधलं धुकं असलेल्याला मोठं बटण लागतंच, कारण धुक्याच्या गोळ्याबाहेर त्याचा थोडा भाग उरतो.

लाँचरमध्ये माणसांचे फोटो बटणावर लावता येतात. भाच्यानं हौसेनं सगळ्यांचे हसरे फोटो लावले. अक्का फोन वाकडातिकडा धरून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून म्हणाली, “समदे एकसारखेच. भोपळे दिसायलेत.” चेहरा हा डोळ्याच्या मधल्या भागाचा खेळ आहे, तो तिच्याकडं उरलेलाच नाही. मग मला सुचलं. नातीला म्हणालो, फोटोच्या जागी नुसता रंग लाव. लेकीची पिवळी साडी होती, तिचा जवळून फोटो काढला, बटण अख्खं पिवळं. लेकासाठी त्याच्या ट्रॅक्टरच्या पत्र्याचा फोटो काढला, बटण निळं. माझ्यासाठी तिनंच सांगितलं, “ह्याला लाल लाव, येष्टीवाला हाय.” तीन बटणं, तीन रंग, पडद्यावर दुसरं काही नाही. व्हॉट्सॲपसुद्धा नाही.

त्याला आता आठ महिने झाले. रोज पहाटे सहाच्या आत लाल बटण दाबलं जातं. तिकडून पहिला प्रश्न थेंब घातले का. मी घातलेले असतात. थेंबांच्या दोन बाटल्या सारख्या दिसतात म्हणून नातीनं एकीला रबर गुंडाळलंय, त्याला कुठलंही ॲप लागत नाही.

गेल्या महिन्यात अक्काच्या नातवाला नोकरी लागली, तो संभाजीनगरला गेला. त्याचं बटण पाहिजे म्हणून ती हटून बसली. आम्ही केशरी लावून बघितलं, तिला ते पिवळंच वाटलं. हिरवं निळ्यात मिसळलं. जांभळं काळ्यात गेलं. नात रंगांवर रंग दाखवत होती, अक्का मान तिरपी करून नाही नाही म्हणत होती. शेवटी तिनं फोन नातीच्या हातातून घेतला, पिवळ्या बटणावर अंगठा ठेवला आणि तो सरळ खाली सरकवून थांबवला.

“रंग राहू दे, माय. त्याला हितं बसव. पिवळीच्या खाली. मला हितलं गावतंय.”

त्या दिवशी चौथं बटण जोडताना बाकीची तीन जागची हलत होती, म्हणून नातीनं ते तसंच सोडलं. तिला आता तिघांना न हलवता चौथ्याला बसवायची रीत सापडली आहे. रविवारी आम्ही दोघं घाटनांदूरला जाणार आहोत.